रंगीत तालमीतल्या जखमीस

सोलापूर

चि. ईशा हिस,


तुझा तो सव्वासहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम, कॉलेजातून इंटर्न बोलावलेले, आणि फिजिओच्या पोरापोरींना काय काम दिलं, तर जखमी व्हा! कपाळाला लाल रंग फासून दोन तास मैदानात उन्हात पडून राहायचं. डॉक्टर, नर्स, अग्निशमनवाले धावतायत आणि तुम्ही कण्हताय. वर तू विचारायला गेलीस तर साहेब म्हणाले, तुमचं काम नंतर, सहा आठवड्यांनी, प्लास्टर निघाल्यावर.

रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. पण आधी सांग, तुला उचललं कसं? तूच सांगितलंयस, दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, मधलं धड झोळीसारखं लोंबत होतं आणि स्ट्रेचरवर टेकवलं तेव्हा कंबरेत अशी कळ आली की दोन दिवस ओव्याचा शेक घेत होतीस. मग तुमचं काम तिथंच होतं की गं, त्याच मिनिटाला. तू खरी जखमी असतीस, मणका मोडलेला पण आतला मज्जारज्जू शाबूत असता, तर त्या चार भल्या माणसांनी स्ट्रेचरपर्यंतच्या दहा पावलांत तुला जन्माचं अधू केलं असतं. एकानं डोकं धरायचं, हुकूम त्यानंच द्यायचा, बाकीच्यांनी खांदा, कंबर, मांड्या धरून अख्खं अंग ओंडक्यासारखं एका दमात वळवायचं आणि खालून फळी सरकवायची. हे तुमच्या बॅचच्या प्रत्येकाला झोपेत येतं. त्या मैदानावरच्या किती जणांना येत होतं? पुढच्या तालमीत जखमी व्हायला नाही म्हणू नकोस. पडल्या पडल्या शिकव.

आता 1993 ची गोष्ट सांगते. तू जन्मायच्या कितीतरी आधीची.

30 सप्टेंबर. आदल्या रात्री गणपती पोचवून माणसं दमून झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. इथं सोलापुरात फळीवरची भांडी वाजली, आम्ही रस्त्यावर आलो, थोडा वेळ थांबून घरात गेलो आणि चहा टाकला. किल्लारीकडं काय झालंय ते कळायला उजाडावं लागलं. त्या भागातली घरं म्हणजे दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जाडजूड माळवद. मराठवाड्याच्या उन्हात अशा घरात गारवा असायचा. तेच सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, हा सरकारी आकडा. जखमी त्याच्या दुप्पट. 52 गावं पुढं दुसऱ्या जागी वसवावी लागली.

सोलापूर जवळ, त्यामुळे दुपारपर्यंत टेम्पो, एसटी, ट्रक भरून माणसं यायला लागली. अंगावर, कानात, नाकात माती. कित्येकांना चादरीच्या, लुगड्याच्या झोळीत घालून आणलेलं. आणणाऱ्यांनी जीव तोडून आणलं होतं, त्यांना कोण बोल लावणार? झोपलेल्या अंगावर दगड पडला की तो बसतो मणक्यावर, कंबरेच्या हाडांवर, मांड्यांवर. एक म्हातारा मला म्हणाला, "बाई, माझं पाय हायत का गेलं? मला कळंना झालंय." पाय होते. त्याला ते जाणवत नव्हते.

आता माझी चूक सांगते. ही मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

मी ज्या दवाखान्यात फिजिओ होते, तिथं शिस्त अशी की ऑर्थोच्या सर्जनची चिठ्ठी, म्हणजे रेफरन्स, आल्याशिवाय फिजिओनं पेशंटला हात लावायचा नाही. वॉर्डात एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. नडगीचा चुरा झालेला, बाहेरून फिक्सेटर लावलेला. पाय उशीवर आणि पाऊल खाली लोंबतंय. मी जाता-येता बघत होते. पाऊल काटकोनात धरून ठेवायला औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणि एक क्रेप बँडेज पुरलं असतं. तीन मिनिटांचं काम. पण रेफरन्स नव्हता, सर्जन दिवसरात्र थिएटरात उभे होते, त्यांना सहीसाठी गाठायला मला संकोच वाटला, आणि खरं सांगू, आपल्याला कुणी झिडकारेल याची भीतीही वाटली. रेफरन्स आला बाराव्या दिवशी. तोवर टाचेची शीर आखडून टाच वर ओढली गेली होती. हाड नंतर उत्तम जुळलं, सर्जननं काम चोख केलं होतं. ती पोरगी मात्र पुढं दोन वर्षं चवड्यावर चालत माझ्याकडं येत होती. ती टाच माझ्यामुळं गेली.

म्हणून ते "सहा आठवड्यांनी" ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सहा आठवड्यांत स्नायू आखडतो, सांधा धरतो, माकडहाडावर बेडसोर पडून आतलं हाड दिसायला लागतं, पडून पडून छातीत कफ भरतो. भूकंपानं केलेली इजा एक, आणि नंतर खाटेवर आपण होऊ दिलेली दुसरी.

त्याच वॉर्डात उमरगा तालुक्यातली एक बाई होती. तिशीची, दोन मुलांची आई. नवरा आणि धाकटा मुलगा ढिगाऱ्यात गेले. छातीच्या खालच्या मणक्यात मज्जारज्जू तुटलेला, कमरेखाली काही नाही. सोबतीला फक्त सासू. दर दोन तासांनी कूस बदलायची हे मी सासूला समजावलं, तर ती म्हणाली, "मला घड्याळ कळत न्हाई, बाई." मग आम्ही वॉर्डाचंच घड्याळ केलं. झाडूवाल्या मावशी आल्या की उजवी कूस. चहा आला की उताणी. डॉक्टरांचा राउंड झाला की डावी. जेवणाची गाडी, भेटायची वेळ, दिवेलागण. रात्री सिस्टर इंजेक्शनची ट्रॉली घेऊन फिरायची, तिचं एक चाक करकरायचं. त्या चाकाच्या आवाजाला म्हातारी उठायची आणि सुनेला वळवायची. पोटचा मुलगा आणि नातू गमावलेली ती बाई. अडीच महिन्यांत सुनेच्या अंगावर एक फोड आला नाही. शेजारच्या खाटेवर शिकलेले नातेवाईक होते, तिथं पंजाएवढी जखम झाली. मी माझ्या नोकरीत जे काही भलं केलं त्यातलं निम्मं दुसऱ्याच्या हातांनी केलं, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

पुढं फेब्रुवारीत, ज्वारी काढणीला आली तेव्हा, मी त्यांच्याकडं गेले. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. दवाखान्यातून आम्ही तिला व्हीलचेअरवर बसवून, टाळ्या वाजवून निरोप दिला होता. ती व्हीलचेअर शेडच्या बाहेर उभी होती आणि तिच्यात कडब्याच्या पेंढ्या होत्या. दाराची रुंदी मोजली, खुर्ची तीन इंच जास्त रुंद. शिवाय दाराला पत्र्याचा उंबरा. हे मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

बाई आत जमिनीवर, पाय पसरून चुलीसमोर बसली होती. हातांवर भार देऊन सरकत सरकत फिरायची. मी गेले म्हणून भाकरी करायला घेतली, आणि तेव्हा मला दिसलं. भाकरी थापायला दोन्ही हात लागतात. एक हात पिठात आणि एक जमिनीवर, असं चालत नाही. दोन्ही हात परातीत गेले की तिचं धड सावरायला काही राहत नव्हतं आणि ती हळूहळू चुलीकडं कलत होती. दर भाकरीला दोनदा थांबून, पिठाचा हात जमिनीला टेकून स्वतःला मागं ढकलत होती. मग मी लुगडं जरा वर करून पाय बघितले. उजव्या मांडीवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग, चिघळलेला. ठिणगी कधी उडाली तिला पत्ता नव्हता. पाय जाळाजवळ आणि त्यांना चटका कळत नाही.

दवाखान्यात मी तिचे खांदे, दंड बळकट केले होते, खाटेवरून खुर्चीत जायला शिकवलं होतं. चुलीपाशी बसवून बघितलं नव्हतं. त्या दिवशी म्हातारी, मी आणि शेजारचा एक पोरगा, तिघांनी मिळून चूल हलवली. बाईची पाठ शेडच्या मधल्या खांबाला टेकेल अशी जागा धरली, खांबाला गोधडीची घडी बांधली. पाय आणि जाळ यांच्यामध्ये विटा-मातीची वीतभर भिंत घातली. परातीखाली पाट ठेवून ती चार बोटं उंच केली, म्हणजे पुढं वाकायला नको. बसायला जाड वाकळेची घडी, आणि दर थोड्या वेळानं दोन्ही हातांवर ढुंगण उचलून धरायची सवय. मग तिनं न थांबता सलग पाच भाकरी केल्या. सहावी करपली, कारण आम्ही बोलत बसलो.

तुमच्या पुस्तकात याला नाव असेल. आम्हाला ते नाव त्या वेळी माहीत नव्हतं.

भूजच्या भूकंपाची आठवण वेगळी. 26 जानेवारी 2001, सकाळी 8 वाजून 46 मिनिटं, सगळीकडे झेंडावंदनाची गडबड. भूजमधलं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं, त्यामुळे दवाखाना म्हणजे तंबू. मी गेले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. मदत इतकी आली होती की कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडलेले. एका तंबूत दहा-अकरा वर्षांचा मुलगा, गुडघ्याखाली पाय कापलेला. स्वयंसेवक मुलींनी त्याला भारी मायेनं ठेवलं होतं. पायाखाली मऊ उशी, उशीवर भरतकामाचा अभ्रा. पोराला बरं वाटावं म्हणून गुडघा तीन आठवडे उशीवर वाकलेला. मी ती उशी काढून घेतली तर सगळ्या माझ्याकडं कसायाकडं बघावं तशा बघायला लागल्या. गुडघा एकदा वाकलेला आखडला की कृत्रिम पाय बसवणं महाकठीण होतं. जयपूर फूटसारखं देशी काम आपल्याकडं आहे. रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी 1960 च्या दशकात घडवलेला तो पाय. त्यावर उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. पण तो ज्याच्यावर चढवायचा तो थोटा पाय सरळ आणि निमुळता हवा ना? म्हणून पालथं झोपवायचं, गुडघा सरळ ठेवायचा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बँडेज टोकाला घट्ट, वर सैल. त्या मुलींपैकी एकीनं संध्याकाळपर्यंत माझ्यापेक्षा सफाईनं बँडेज बांधायला घेतलं. पोरगं मात्र मी निघेपर्यंत माझ्याशी बोललं नाही.

एक धोक्याची गोष्ट. आपले हात दिवसातून चार वेळा पेशंटच्या पायावर असतात, त्यामुळे काही गोष्टी आपल्याला आधी कळतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी 1941 मध्ये लिहून ठेवलंय. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय चेपलेली माणसं बाहेर काढल्यावर बरी दिसायची आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन जायची. चेपलेल्या स्नायूतलं विष रक्तात उतरतं. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर तुझा व्यायामाचा तक्ता बाजूला ठेव आणि सिस्टरला सांग. पोटरी दगडासारखी टणक लागली, पायाचा अंगठा नुसता हलकेच वर केला आणि पेशंट किंचाळला, तर "थोडं दुखणारच" असं म्हणायचं नाही. धावत जाऊन सर्जनला बोलवायचं. तिथं हिशेब तासांचा असतो. त्या वेळी संकोच करशील तर माझी शपथ आहे.

तुझ्या त्या साहेबांना दाखवायला एक कागदही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये आपत्तीत जाणाऱ्या वैद्यकीय पथकांसाठी पुनर्वसनाचे किमान निकष छापले. पेशंट दाखल करून शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकात दर 20 खाटांमागे पुनर्वसनाचा निदान एक माणूस पहिल्यापासून हवा, असं त्यात आहे. त्याच्या आदल्या वर्षी नेपाळचा भूकंप झाला होता, बावीस हजारांच्या घरात जखमी. काठमांडूबाहेर सांगा इथल्या मणक्याच्या पुनर्वसन केंद्रात पेशंट मावेनात म्हणून तंबू टाकले होते. आणि कुणी म्हणालंच की आपत्ती हा तुमचा विषय नाही, तर त्याला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची आठवण दे. आपल्या देशात फिजिओथेरपी शिकवायला सुरुवात झाली ती तिथंच, 1950 च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीपाठोपाठ. साथ आली म्हणून आपण आलो.

पण म्हणून उद्या कुठं दरड कोसळली की पाठीला सॅक लावून सुटू नकोस. मी किल्लारीत अशी माणसं पुष्कळ पाहिली. त्यांना झोपायला जागा लागते, जेवायला लागतं, आणि चार दिवसांनी ती परत जातात. ज्याला तू काठी धरून उभं केलंस, त्याचा पाचव्या दिवशी हात कोण धरणार हे ठरलं नसेल, तर जाऊ नकोस. जाशील तर पथकाबरोबर, नोंद करून, स्वतःचा शिधा घेऊन जा. आणि एक शंभर पानी वही. कोण, कुठल्या गावचा, काय झालंय, कुठं हलवला, घरी करणारं कोण. आमच्याकडून पेशंट सोलापूरहून पुण्याला, मुंबईला गेले, तिथून परस्पर शेडमध्ये परतले आणि त्यातले निम्मे आम्हाला पुन्हा कधी सापडले नाहीत. डिस्चार्ज कार्डावर पत्ता लिहिलेला असायचा त्या गावाचा, जे गाव आता उरलंच नव्हतं.

आपत्ती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ढिगारेच येतात, हेही जरा मनातून काढ. 2019 च्या पुरानंतर मी सांगलीला आपल्या नात्यातल्यांकडं गेले होते. पाणी ओसरलेलं, घरात गुडघाभर चिखल. तो उपसून उपसून अख्ख्या गल्लीची कंबर धरली होती. घमेलं अर्धंच भरा, ओळीत उभं राहून हातोहात पुढं द्या, दर अर्ध्या तासानं जागा बदला, एवढंच मी सांगितलं. कुणी त्याला उपचार म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी माणसं उठून पुन्हा कामाला लागली. आणि त्याच गल्लीत पक्षाघातानं पडून असलेले एक आजोबा होते. पाणी चढताना त्यांना वरच्या मजल्यावर न्यायला चौघं लागले आणि खाटेसकट नेताना जिन्यात अडकले. ते तिथं राहतात हे महानगरपालिकेला कुठून माहीत असणार? घरी व्यायाम द्यायला जाणाऱ्या पोरीला माहीत असतं.

तर मे महिन्यात, पावसाच्या आत, एक काम कर. 2005 च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, त्यांचं ऑफिस कलेक्टर कचेरीतच असतं. तुमच्या प्राचार्यांची सही घेऊन तिथं जा. तुमच्या ओपीडीत येणाऱ्या, नदीकाठच्या वॉर्डांतल्या, स्वतःहून उठता न येणाऱ्या माणसांची यादी करा, अर्थात त्यांना विचारून. कोण कितव्या मजल्यावर, उचलायला किती जण लागतील, श्वासाचं मशिन आहे का. आणि पुरात ज्या शाळांमध्ये माणसं हलवतात त्या शाळा बघून ठेवा. संडासाला किती पायऱ्या, दार किती रुंद, आत धरायला काही आहे का. यादी दिलीत तर कदाचित ती कपाटात जाईल. दुसऱ्या वर्षी पुन्हा द्यायची.

तुझे बाबा मंगळवारी इकडून जाणार आहेत, त्यांच्याबरोबर शेंगाची चटणी आणि माझी टेप पाठवतेय. कापडी आहे, शिंप्याची असते तशी. मांडीचा घेर, दाराची रुंदी, चुलीची उंची, सगळं याच टेपनं मोजलंय. पहिले दोन इंच पुसून गेलेत, तेव्हा दोनच्या खुणेपासून मोजत जा आणि येईल त्यातून दोन वजा कर.

तुझी,
आत्याआजी